घरच्या घरी बाळाचा मॉनिटर: पायमोजा, क्लिप, पट्टा आणि फोनमधलं अ‍ॅप नीट कसं वापरावं

बाळाच्या पायाला बांधायचा सेन्सर, लंगोटाला अडकवायची क्लिप, गादीखाली सरकवायची चकती, श्वासाची हालचाल टिपणारा कॅमेरा आणि हे सगळं दाखवणारं अ‍ॅप. एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, दाराआड असणारे आकडे आता उशाशी आले आहेत. काही घरांत ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर येतात, काही घरांत अमेरिकेहून येणाऱ्या मावशीच्या बॅगेतून. पहिल्या घरात डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं असतं की आकडा इतक्याच्या खाली गेला तर हे करा. दुसऱ्या घरात आकडा दिसतो आणि पुढे काय करायचं ते रात्री अडीच वाजता गूगलवर शोधलं जातं. म्हणून या लेखात यंत्रांइतकीच जागा ‘मग काय करायचं’ याला दिली आहे.

गरज कोणाला आहे

पूर्ण दिवसांचं, चांगल्या वजनाचं, नीट दूध पिणारं बाळ असेल तर मॉनिटरची गरज नाही. झोपेत अचानक होणारे बाळमृत्यू अशा यंत्रांमुळे टळतात याला पुरावा नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच लिहिलं आहे: मृत्यूचा धोका कमी करण्याचा उपाय म्हणून घरी मॉनिटर लावू नका. अमेरिकेत हजाराहून जास्त बाळांवर घरी मॉनिटर लावून केलेला ‘चाइम’ हा मोठा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की श्वास लांबणं, ठोके मंदावणं असे प्रकार ठणठणीत बाळांच्या नोंदींतही सापडतात. तुम्ही सतत मोजत राहिलात तर काही ना काही सापडणारच, आणि ते बहुतेक वेळा आपोआप सावरलेलं असतं.

गरज असते ती वेगळ्या बाळांना. बरंच अपुऱ्या दिवसांचं बाळ, जे घरी ऑक्सिजनवर सोडलं आहे. श्वास थांबण्याचा त्रास असलेलं बाळ. हृदयाच्या काही गंभीर दोषांत पहिली शस्त्रक्रिया होऊन दुसरीची वाट पाहणारं बाळ. गळ्याला छेद देऊन श्वासासाठी नळी बसवलेलं बाळ. यांच्यासाठी डॉक्टर वैद्यकीय दर्जाचा ऑक्सिमीटर किंवा अ‍ॅप्निया मॉनिटर (श्वास थांबला की वाजणारं यंत्र) लिहून देतात, मर्यादा ठरवून देतात आणि घरच्यांना शिकवून सोडतात. त्या जागी बाजारातला ‘स्मार्ट’ मोजा चालवू नका. स्वस्त पडतो म्हणून तर अजिबात नाही.

कोणतं यंत्र नेमकं काय मोजतं

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा सावकाश.

ऑक्सिमीटरवाला मोजा किंवा पट्टा लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकारचे प्रकाशकिरण पायातून आरपार सोडतो आणि रक्तातला ऑक्सिजन व ठोके काढतो. तो श्वास मोजत नाही. श्वास थांबला तरी ऑक्सिजन घसरायला काही सेकंद जातात. त्यात यंत्र दर क्षणाचा नव्हे, तर काही सेकंदांच्या सरासरीचा आकडा दाखवतं. त्यामुळे पडद्यावरचा आकडा नेहमी थोडा मागचा असतो.

क्लिप आणि गादीखालची चकती पोटाची हालचाल टिपतात. ठरावीक वेळ, बहुधा १५ ते २० सेकंद, हालचाल नसली की वाजतात. यांची मोठी उणीव अशी की श्वासमार्ग बंद झालेला असताना बाळ श्वास घेण्यासाठी धडपडतं, छाती-पोट हलत राहतं, पण हवा आत जात नाही. चकतीला ते ‘सगळं ठीक’ वाटतं. उलट छताचा पंखा, शेजारी झोपलेली आई, खाली चाललेलं वॉशिंग मशीन यांचे हादरेही ती बाळाचा श्वास समजून मोजू शकते. आपल्याकडे बाळ बहुतेक वेळा आईजवळ, मोठ्या गादीवर किंवा पाळण्यात झोपतं. अशा ठिकाणी चकती जवळपास निरुपयोगी आहे. ती स्वतंत्र, घट्ट गादीच्या खाटेसाठी बनवलेली असते.

कॅमेरा बाळाच्या कपड्यावरच्या छापील नक्षीची हालचाल पाहून श्वास मोजतो. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आणि वर मच्छरदाणी असली की त्याला धड काही दिसत नाही.

तापमानाचा पट्टा हा यातला सर्वांत साधा आणि कमी वजनाच्या बाळासाठी बऱ्याचदा सर्वांत कामाचा प्रकार. बेंगळुरूच्या ‘बेंपू’ कंपनीचा मनगटावरचा पट्टा याच कामाचा आहे. बाळ उबदार असेल तर निळा दिवा लुकलुकतो, गार पडायला लागलं की नारिंगी दिवा लागतो आणि पट्टा वाजतो. ना फोन लागतो, ना वायफाय. पट्टा वाजल्यावर काय करायचं तेही आजीला समजतं: बाळाला आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवायचं, डोक्याला टोपडं, पाठीवर पांघरूण आणि दूध पाजायचं. जो अलार्म वाजल्यावर करायची कृती घरातल्या प्रत्येकाला येते, तोच खरा उपयोगी.

फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन दाखवणारी अ‍ॅप बाळासाठी वापरायचीच नाहीत. रडण्याचा आवाज ऐकून भूक की पोटदुखी ते सांगणारी, फोटोवरून कावीळ किती ते सांगणारी अ‍ॅपही निर्णयासाठी नकोत. कावीळ पहिल्या २४ तासांत दिसली किंवा तळहात-तळपाय पिवळे वाटले तर फोटो काढत न बसता रक्ततपासणीला जायचं.

विकत घेताना

भारतात वैद्यकीय उपकरणांना २०१७चे नियम लागू आहेत आणि २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं कायद्याच्या कक्षेत आली आहेत. खोक्यावर उत्पादनाचा किंवा आयातीचा परवाना क्रमांक शोधा. त्यात ‘एमडी’ ही अक्षरं असतात. ‘आरोग्यासाठी नाही, फक्त माहितीसाठी’ असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असेल तर त्या वस्तूने वैद्यकीय कसोटी पार केलेली नाही असं समजा, जाहिरातीत स्टेथोस्कोप दिसला तरी.

या बाबतीत ‘आउलेट’ या अमेरिकन कंपनीचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. तिचा स्मार्ट सॉक काही वर्षं आरामाची वस्तू म्हणून विकला जात होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, पत्र पाठवून सांगितलं की हे वैद्यकीय उपकरण आहे, परवानगीशिवाय विकता येणार नाही. विक्री थांबली. पुढे २०२३ मध्ये कंपनीच्या दोन उत्पादनांना रीतसर मान्यता मिळाली, एक डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं आणि दुसरं निरोगी बाळांसाठी दुकानात मिळणारं. म्हणून परदेशातून कोणी जुना, वापरलेला मोजा पाठवत असेल तर कंपनीच्या नावावर न जाता नेमकं मॉडेल विचारा. या मोजाची आधीची आवृत्ती आणि ‘बेबी व्हिडा’ नावाचं दुसरं यंत्र फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात ३० बाळांवर तपासलं गेलं होतं. २०१८ साली त्याचे निष्कर्ष आले. पहिल्याने घसरलेला ऑक्सिजन ओळखला, पण दर वेळी नाही. दुसऱ्याने एकदाही नाही.

परदेशी यंत्र घेताना आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं हवं, नाहीतर आपल्या २३० व्होल्टवर पहिल्याच दिवशी जळेल. अ‍ॅप भारतातल्या प्ले स्टोअरवर मिळतं का ते आधी बघा. दरमहा पैसे भरल्याशिवाय जुन्या नोंदी दिसत नाहीत असं तर नाही ना, हेही. आणि मोजाचं माप वयावर नव्हे, वजनावर बघा. अडीच किलोच्या बाळाच्या पायात बहुतेक मोजे सैल होतात.

मोठ्यांचा बोटाचा क्लिप ऑक्सिमीटर कोविडपासून घरोघरी आहे. तो बाळाच्या बोटाला, अंगठ्याला किंवा पायाला लावून काही उपयोग नाही. क्लिपमधलं अंतर मोठ्या बोटासाठी असतं. बाळाच्या बोटाला बगल देऊन प्रकाश थेट पलीकडे पोचतो आणि आकडा काहीही येतो. कधी ७५ दाखवून घाबरवतो, कधी ९८ दाखवून गाफील ठेवतो.

सेन्सर बसवण्याची पद्धत

१. पाय स्वच्छ आणि कोरडा करा. तेल लावून मालीश झाल्यावर लगेच सेन्सर लावला तर तो घसरतो आणि चिकटपट्टी सुटते. कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या कापडाने पुसा, मग कोरड्या कापडाने. पावडर नको.

२. त्या पायातले वाळे आणि काळा दोरा काढा. घरात कोणी ‘दृष्ट लागेल’ म्हणालंच तर दुसऱ्या पायात बांधा, वाद नको. दोरा सेन्सरखाली आला तर रक्तप्रवाह दबतो आणि कातडीवर वळ उठतो.

३. गुंडाळायचा सेन्सर असेल तर तो पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या खाली बसवा. प्रकाश देणारा दिवा एका बाजूला आणि टिपणारा डोळा बरोबर त्याच्यासमोर, पावलाच्या दुसऱ्या बाजूला. दोन्ही समोरासमोर आले नाहीत तर पुढचं सगळं वाया. बरेच चुकीचे आकडे याच एका कारणाने येतात.

४. पट्टी घट्ट नको, सैलही नको. बोटं निळसर पडली, पट्टी काढल्यावर खोल ठसा दिसला तर ती आवळली आहे. आवळल्याने शिरेतलं रक्तही धडधडायला लागतं, यंत्र त्यालाच नाडी समजतं आणि ऑक्सिजन कमी दाखवतं.

५. वरून मोजा घाला किंवा दुपटं टाका. खिडकीतलं ऊन, तेजस्वी दिवा, काविळीच्या उपचाराचा निळा प्रकाश सेन्सरच्या डोळ्यात शिरला की आकडा बिघडतो.

६. पाय गार असेल तर आधी हातात धरून ऊब द्या. शेगडीचा शेक किंवा गरम पाण्याची पिशवी सेन्सर लावलेल्या पायाला कधीही लावू नका. सेन्सर स्वतःही किंचित तापतो, त्यात शेक दिला तर नाजूक कातडी भाजते.

७. एखादं मिनिट थांबा. पडद्यावरची नाडीची पट्टी एकसारखी हलायला लागली की स्टेथोस्कोपने किंवा दंडाच्या आतल्या बाजूला बोटं ठेवून ठोके ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. यंत्राचा ठोक्यांचा आकडा तुमच्या मोजणीच्या आसपास असेल तरच त्याच्या ऑक्सिजनच्या आकड्यावर विश्वास ठेवा. इथे फरक पडत असेल तर तो आकडा विसरा आणि सेन्सर पुन्हा बसवा.

८. दर ३-४ तासांनी जागा बदला, एकदा डावा पाय, एकदा उजवा, आणि दर वेळी कातडी बघा. लालसरपणा थोड्या वेळात गेला नाही तर त्या पायाला विश्रांती द्या. चिकटणाऱ्या सेन्सरसाठी उत्पादकाने दिलेली वेळ पाळा.

वायर असेल तर ती पायाकडून खाली, लंगोटाच्या बाजूने बाहेर काढा. छातीवरून मानेकडे नको. अमेरिकेत २०१३ साली ‘एंजलकेअर’ कंपनीने सुमारे सहा लाख मॉनिटर परत मागवले, कारण गादीखालच्या चकतीची वायर गळ्याभोवती आवळून दोन बाळं दगावली होती. खाटेपासून हाताच्या टप्प्यात, म्हणजे किमान तीन फुटांत, कुठलीही वायर किंवा कॅमेऱ्याची केबल नको. बाळ पालथं पडायला लागलं की हे अंतर पुन्हा तपासा.

फोन, वायफाय आणि जाणारी वीज

सेन्सर उत्तम, पण फोन गप्प. हा प्रकार इतका सर्रास होतो की पहिल्या रात्रीआधी अर्धा तास यालाच द्या.

अँड्रॉइड फोन, त्यातही शाओमी, रियलमी, ओप्पो, विवो, बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अ‍ॅप परस्पर बंद करतात. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपसाठी बॅटरीचं बंधन काढा, ‘ऑटोस्टार्ट’ चालू करा आणि अलीकडच्या अ‍ॅपच्या यादीत त्याला कुलूप लावा. ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू असतानाही या अ‍ॅपचा आवाज येईल अशी मुभा द्या. आयफोनमध्ये ‘क्रिटिकल अलर्ट’ची परवानगी वेगळी द्यावी लागते. जुन्या अँड्रॉइडमध्ये ब्लूटूथसाठी लोकेशनही चालू ठेवावं लागतं, नाहीतर सेन्सर सापडतच नाही.

बरीच यंत्रं फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही एकाच नावाने देत असेल तर जोडणी अडते. २.४चं नाव वेगळं करा. यंत्रासोबत वेगळा उशाशी ठेवायचा बेस असेल आणि तो इंटरनेटविना वाजत असेल तर उत्तम. फक्त फोनवरच अलार्म देणारं यंत्र घेणं टाळा.

भारनियमनाच्या वेळी राउटर बंद पडतो आणि बेसही. राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्या किंवा दोन्ही इन्व्हर्टरच्या प्लगवर आणा. मग चाचणी घ्या. मेन स्विच खाली करा, सेन्सर पायातून काढा, अलार्म किती वेळाने वाजतो ते घड्याळ लावून बघा. वाजलाच नाही तर कारण सापडेपर्यंत यंत्रावर भिस्त ठेवू नका. ही चाचणी महिन्यातून एकदा, आणि फोनचं सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर प्रत्येक वेळी घ्या. अपडेटनंतर परवानग्या गुपचूप मूळपदावर जातात.

आकडे कसे वाचायचे

ऑक्सिजन: निरोगी बाळाचा बहुतेक वेळ ९५ टक्क्यांच्या वर असतो. गाढ झोपेत क्षणभर ९०च्या आसपास किंवा खाली उतरून लगेच वर येणं नवीन नाही. घरी ऑक्सिजनवर असलेल्या बाळाचं लक्ष्य डॉक्टर लिहून देतात, ते शेजारच्या बाळाला लागू होत नाही. एक गोष्ट आपल्याकडे विशेष ध्यानात ठेवण्याजोगी: काळ्या कातडीवर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या माणसांच्या नोंदी तपासल्या तेव्हा, यंत्राने ठीकठाक दाखवलेला पण प्रत्यक्षात घसरलेला ऑक्सिजन कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा आढळला. सावळ्या बाळाचा आकडा ९३-९४ असेल आणि बाळ धापा टाकत असेल तर आकडा बरा आहे म्हणून थांबू नका.

ठोके: पहिल्या तीन महिन्यांत झोपेत मिनिटाला ८० ते १६०, जागेपणी त्याहून जास्त. रडताना १८०-२०० दिसले तर बाळ शांत होऊ द्या आणि मग मोजा.

श्वास: हा मोजायला यंत्र लागत नाही, आणि हाताने मोजलेला आकडाच जास्त भरवशाचा. बाळ शांत असताना अंगडं वर करा, पोटाकडे बघा, पूर्ण एक मिनिट मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका. लहान बाळ काही श्वास भराभर घेतं, मग ५ ते १० सेकंद थांबतं, पुन्हा सुरू करतं, त्यामुळे गुणाकार फसतो. हे थांबणं नैसर्गिक आहे. २० सेकंद किंवा जास्त थांबणं, किंवा थोडंच थांबून निळं-पांढरं पडणं नैसर्गिक नाही. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. मोजणी जास्त आली तर पुन्हा एकदा मोजा. याच मोजणीच्या जोरावर गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना बाळांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. त्यासाठी मणी सरकवून श्वास मोजायचं साधन बनवलं होतं. बॅटरी नाही, अ‍ॅप नाही.

ताप: डिजिटल थर्मामीटर काखेत, हात अंगाशी धरून, वाजेपर्यंत. ३६.५ ते ३७.४ अंश सेल्सिअस, म्हणजे ९७.७ ते ९९.३ फॅरनहाइट, ठीक. कपाळावर धरायची बंदूक आणि मनगटाचे पट्टे कल दाखवतात. निर्णय काखेच्या आकड्यावर घ्या. कुंची आणि दोन गोधड्या असतील तर एक थर काढून १५-२० मिनिटांनी पुन्हा मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला पुन्हा ३७.५ किंवा जास्त आला, किंवा ३५.५च्या खाली गेला, तर त्याच दिवशी डॉक्टर. ३८ असेल तर पुन्हा मोजायलाही थांबू नका. औषध देऊन ताप उतरवून बघू असा विचार या वयात करायचा नाही.

अलार्म वाजला

फोन नंतर. आधी बाळ.

दिवा लावा. ओठ आणि जीभ बघा, हातपाय नव्हे. हातपाय गारठ्यानेही निळसर दिसतात. पोट हलतंय का ते बघा. बाळ गुलाबी आहे, श्वास घेतंय, हात लावल्यावर चुळबुळ करतंय, तर सेन्सर तपासा: सरकला, ओला झाला, बॅटरी संपली, पाय गार पडला. दुरुस्त करून नोंद करा.

बाळ फिकट किंवा निळसर आहे, श्वास दिसत नाही, तर तळपाय चोळा, पाठीवरून जोरात हात फिरवा, नाव घेऊन हाक मारा. गदागदा हलवू नका, तोंडावर पाणी मारू नका, कांदा हुंगवू नका. श्वास सुरू झाला तरी त्याच वेळी रुग्णालयात जायचंय.

काहीच प्रतिसाद नाही, तर फोन स्पीकरवर ठेवून १०८ लावा आणि सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवण्याची पद्धत, सुरू करा. बाळाला कडक जागी उताणं ठेवा. दोन्ही हातांनी छाती वेढून दोन्ही अंगठे छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली. सुमारे ४ सेंटिमीटर दाबा, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, ३० वेळा. मग बाळाचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात घेऊन दोन छोट्या फुंकरी, छाती वर येईल इतक्याच. पुन्हा ३०. हे वाचून येत नाही. बाळ एनआयसीयूतून घरी येण्याआधी आई-वडील आणि दिवसा बाळ सांभाळणारी व्यक्ती, तिघांनीही पुतळ्यावर हात बसवून घ्यावा. रुग्णालयात विचारलं तर शिकवतात.

यंत्र शांत असलं तरी पुढची लक्षणं दिसली की निघायचं: दूध ओढत नाही, झटके, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो, प्रत्येक श्वासाला कण्हल्याचा आवाज, निपचित पडून आहे आणि हलवल्याशिवाय हालचाल नाही. या यादीसमोर ९८चा आकडा हरतो. सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार आणि ने-आण मोफत आहे, त्यासाठी १०२ लावा. आशाताई पहिल्या ४२ दिवसांत ठरलेल्या भेटींना येतात. मॉनिटरचे आकडे त्यांनाही दाखवा, आणि त्यांच्यासमोर एकदा श्वास मोजून बघा.

एक कागद खाटेजवळ चिकटवा. त्यावर डॉक्टरांनी दिलेल्या मर्यादा, ऑक्सिजन वाढवायचा असेल तर किती आणि किती वेळ, रात्री उघडं असलेलं जवळचं नवजात शिशू कक्षाचं रुग्णालय, गाडी कोणाची. फोनमध्ये नको. फोन नेमका दुसऱ्याच्या हातात किंवा चार्जिंगला असतो.

नोंदींची अ‍ॅप

दूध, लंगोट, वजन, लस यांच्या नोंदी ठेवणारं साधं अ‍ॅप महागड्या सेन्सरपेक्षा जास्त कामाला येतं. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर २४ तासांत किमान सहा वेळा शू हवी. जन्माचं वजन दोन आठवड्यांत परत यायला हवं आणि पुढे पहिले तीन महिने दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, उघड्या अंगाने. रोज केलंत तर शी-शूचाच फरक मोजत बसाल.

वाढीचा आलेख दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते निवडा. बरीच परदेशी अ‍ॅप अमेरिकन तक्ते लावून देतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय ठरलेल्या तारखेपासून धरण्याची सोय नसेल तर आलेख उगाच लाल दिसेल. अ‍ॅपमध्ये काहीही असलं तरी माता-बाल संरक्षण कार्ड भरून घ्या. दवाखान्यात तेच बघतात.

परवानग्या देताना हात आखडता घ्या. लंगोट मोजणाऱ्या अ‍ॅपला तुमची संपर्कयादी कशाला हवी? कॅमेऱ्याचा खोक्यावरचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि तो पाहुण्यांच्या वेगळ्या वायफायवर ठेवा. लिंक कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.

झोपायची जागा आणि नाण्यासारखी बॅटरी

मॉनिटर असो वा नसो: बाळ पाठीवर, घट्ट सपाट गादीवर, चेहऱ्याजवळ उशी, लोड किंवा मऊ गोधडी नाही, आईच्याच खोलीत पण शक्यतो वेगळ्या जागी. साडीच्या झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला झोळीत झोपवून पायात मोजा घालणं म्हणजे एका हाताने धोका वाढवून दुसऱ्या हाताने तो मोजणं. ओव्याची, लसणीची धुरी त्या खोलीत नको.

क्लिप आणि काही थर्मामीटरमध्ये नाण्यासारखी गोल बॅटरी असते. ती गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. झाकण स्क्रूचं असेल तरच घ्या. बदललेली बॅटरी लगेच चिकटपट्टीत गुंडाळून मोठ्या भावंडांच्या हाताबाहेर ठेवा. गिळल्याचा संशय जरी आला तरी एक्स-रे असलेलं रुग्णालय गाठा, उलटी करवू नका.

कधी बंद करायचं

अपुऱ्या दिवसांच्या बाळातला श्वास थांबण्याचा जास्तीचा धोका गरोदरपणाचे आठवडे जन्मानंतरही पुढे मोजले तर साधारण ४३ आठवड्यांपर्यंत, म्हणजे ठरलेल्या तारखेनंतर तीनेक आठवड्यांत ओसरतो, असं त्याच चाइम अभ्यासात दिसलं. तरीही डॉक्टरांनी लावलेलं यंत्र त्यांच्या सांगण्यावरूनच काढायचं, आणि त्यांना नोंदवही दाखवून: किती अलार्म, त्यातले खरे किती, बाळाला हात लावावा लागला का. हौसेने लावलेलं असेल तर निकष सोपा आहे. तुम्ही बाळापेक्षा पडद्याकडे जास्त बघताय, खोट्या अलार्मांनी आईची झोप उडाली आहे किंवा आकडा ‘कमी वाटला’ म्हणून दवाखान्याच्या चकरा होत आहेत, तर आजच काढा.

यंत्र पुढे चुलत बहिणीच्या बाळाला द्यायचं असेल तर अ‍ॅपमधून तुमचं खातं तोडा, कंपनीच्या सर्व्हरवरच्या नोंदी पुसायची विनंती पाठवा, यंत्र फॅक्टरी रीसेट करा. कापडी पट्टा नवाच घ्या. चार्ज होणारी बॅटरी रात्रभर टिकते का ते तपासून, मगच द्या.